वरचे चार दात

डॉक्टर ईफाने सगळं नीट, सावकाश सांगितलं. पुरुषोत्तमरावांचे वरचे पुढचे चार दात जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिथलं हाड झिजलं होतं. नव्या दातांचे स्क्रू बसवायचे तर आधी तिथे भर घालायला हवी. त्यासाठी एक पावडर येते, गाईच्या हाडापासून केलेली. ती भरली की तिच्या आधाराने काही महिन्यांत त्यांचं स्वतःचं हाड वाढेल. चालेल ना, एवढं त्यांना विचारा, असं ती शेवटी त्यांच्या मुलाला म्हणाली.

खुर्चीत आडवे झालेले पुरुषोत्तमराव मुलाकडे बघत होते. तिचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं.

"काय म्हणतीय?"

"कॅल्शियमची पावडर भरणार आहेत, बाबा," सलील म्हणाला. "मग स्क्रू."

हे वाक्य त्याने आठवडाभर घोटून ठेवलं होतं. संमतीचा कागद ईमेलने आला तेव्हा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून त्याने तो दोनदा वाचला होता. दुसरा मार्गही होता. बाबांच्याच जबड्याचा, मागच्या दाढेजवळचा तुकडा काढून पुढे लावायचा. म्हणजे दोन जखमा, पंधरा दिवसांची सूज, आणि वय एकाहत्तर, वर मधुमेह. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी हाच मार्ग धरला असता, याबद्दल सलीलला तिळमात्र शंका नव्हती. ज्या माणसाने जन्मात कधी अंड्याचा केक चाखला नाही, तो गाईचं हाड तोंडात ठेवून घेईल?

आणि दात तर बसवायलाच हवे होते. मागच्या महिन्यात सलीलचे चार मित्र जेवायला आले असताना बाबांची कवळी सुटून आमटीत पडली. कोणी हसलं नाही. पण तेव्हापासून सगळ्यांचं उरकल्यावर बाबा एकटेच स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसत.

तसे आयर्लंडमध्ये, ॲथलोनला मुलाकडे आल्यापासून दोन महिने बाबा त्याच्याच शब्दावर जेवत होते. बिस्किटं असोत, दही असो, की शेजारणीने दिलेल्या गोळ्या, पाकीट त्याच्यापुढे धरायचे आणि "वाच रे" म्हणायचे. तो "चालेल" म्हणाला की निमूटपणे खायचे. बारीक अक्षरांतली ती अवघड नावं त्यांना कळत नसत, आणि मुलगा वाचतोय म्हटल्यावर कळायची गरजही वाटत नसे.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"मी एवढं बोलले, आणि तुम्ही चार शब्दांत उरकलंत," ती इंग्रजीत म्हणाली. "गाईचं सांगितलंत त्यांना?"

"इट्स ग्रँड," सलील घाईने म्हणाला. "काही हरकत नाही."

"तुमची नसेल. तोंड त्यांचं आहे."

तिने संमतीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गाय काढायला घेतली. बाई गावाबाहेरच्या गोठ्यात वाढलेली, त्यामुळे गाय कासेसकट हुबेहूब जमली. गाईखाली एक हाड, हाडापासून निघालेला बाण, आणि बाणाच्या टोकाला चार दात नसलेलं एक तोंड. कागद तिने पुरुषोत्तमरावांच्या हातात दिला आणि भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला. मग बाणावरून एकदा बोट फिरवलं. सलीलचे कान तापले. त्या खोलीतून उठून निघून जाता आलं असतं तर तो गेला असता.

"गाईचं हाड होय," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर सलीलला सोपं गेलं असतं.

"बाबा, नाहीतर तुमचं हाड काढायला लागलं असतं. फार त्रास झाला असता तुम्हाला."

"मग तसं सांगायचं. औषधाला कोण नाही म्हणतंय? विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो."

सलीलची लाज त्याच्या चेहऱ्यावर एवढी स्पष्ट दिसत होती, की डॉक्टरने उगाच हातमोजे शोधायला पाठ फिरवली.

पुरुषोत्तमरावांनी पेन मागितलं आणि सही केली. कागदाच्या छापील बाजूवर नाही, गाईच्या खाली केली, मराठीत, पूर्ण नावाची. मग मान मागे टेकवली. नर्सने खुर्ची आणखी खाली घेतली, वरचा दिवा लावला. डॉक्टर इंजेक्शन घेऊन जवळ आली. तेव्हा त्यांनी तिला हातानेच जरा थांबवलं आणि मुलाकडे मान वळवली.

"सलील, गेले दोन महिने मी इथं काय काय खाल्लं रे?"

ते सगळं निर्मळ होतं. सलीलने प्रत्येक पाकीट डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं. एकदा तर जनावरांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन दिसलं म्हणून दह्याचे सहा डबे दुकानात परत नेऊन दिले होते. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तो ते सांगणारच होता.

पण उत्तरासाठी बाबा थांबले नव्हते. डोळे मिटून त्यांनी डॉक्टरपुढे तोंड उघडलं होतं.