टाकीतलं झाकण

मुलीची नोकरीसाठी मुलाखत होती आणि बापाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बसबिस काही नको, मी सोडतो." निघताना तो बाटलीतून पेट्रोल ओतायला गेला आणि बाटलीचं झाकण हातातून निसटून थेट टाकीत पडलं. मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत गेली, दोन आचके देऊन बंद पडली आणि दोघांनी ती ढकलत परत दारात आणली.

"बाबा, मी बसने जाऊ का?"

"थांब गं, दोन मिनिटांचं काम आहे!"

त्याने आधी तार वाकवून आत घातली, मग स्वयंपाकघरातला चिमटा. शेजाऱ्याने चुंबक आणून दिलं, तर त्याच्यावरच खेकसला, "अहो, प्लास्टिक डोंबलाचं चिकटणार याला?" शेवटी पेट्रोल बादलीत काढून त्याने टाकीच उतरवली आणि उलटी धरून गदागदा हलवायला लागला. झाकण खडखडत तोंडाशी यायचं आणि ऐन वेळी परत आत पळायचं. घामाने निथळत, टाकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो हलवतच राहिला. मध्येच मुलगी काहीतरी म्हणाली, त्यावर मान वर न करता त्याने नुसतं "हं, हं" केलं.

एकदाचं झाकण टपकन फरशीवर पडलं. गड जिंकल्यासारखा तो ओरडला, "चल गं लवकर! हेल्मेट घे!"

बायको दारात आली.



"अहो, हळू! ती बसने जाऊन नोकरी मिळवून आली, जेवली, आणि आत्ताच जरा पडलीय."