निम्म्यावर आलेला भाव

उत्तरानं वर्तमानपत्रांची तिसरी फाईल पुढ्यात ओढली आणि बाजारभावाचं पान काढलं. सह्यगिरी पेपर मिल, दोनशे अडतीस. दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस. ती एकेक आकडा तारखेसकट वहीत उतरवत होती. इतकी दाबून लिहीत होती, की पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

कल्याणच्या वाचनालयात आठवडाभर तिचं हेच चाललं होतं. वाचनालय सांभाळणारे आनंदराव मागेल ती फाईल काढून देत आणि काही विचारत नसत.

तिचा नवरा वामन तीन वर्षांपूर्वी, एक्कावन्न साली, विषमज्वरानं गेला. जाताना या कंपनीचे वीस शेअर मागे ठेवून गेला. "दोनशेच्या वर भाव आहे, अडीनडीला होतील," असं त्यानं शेवटच्या आजारात दोनदा सांगितलं होतं. शेअर तिच्या नावावर झाले. पुढे त्रेपन्न साली धाकटा दीर त्र्यंबक यानं ते विकून दिले. तो मुंबईत एका दलालाच्या कचेरीत कारकून होता. त्यानं तिच्या हातावर तेवीसशे साठ रुपये ठेवले.

"भाव निम्म्यावर आलाय, वहिनी," एवढंच तो म्हणाला. तेही तिच्याकडे न बघता.

ते न बघणं तिला तेव्हापासून सलत होतं. पैसे मुलीच्या, हेमाच्या, आजारपणात संपले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं, शिक्षिका व्हायचं, मुलीला घेऊन वेगळं राहायचं, ते सगळं राहून गेलं. वामन गेल्यापासून ती कल्याणला वडिलांकडेच होती. घर तसं ओढगस्तीचं. अप्पा कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. धाकट्या भावानं, मधूनं, बावन्नच्या अखेरीस शहाडला सायकलचं दुकान टाकलं होतं, पण त्याचा अजून जम बसायचा होता.

"जाऊ दे गं," अप्पा म्हणायचे. "सासरच्या माणसांशी पैशावरून तोंड वाजवू नये. आपलीच शोभा होते."

हे ऐकलं की ती जास्तच पेटायची. अप्पा आयुष्यभर असेच पडतं घेत आले होते.

तिनं पान उलटलं. बावन्न सालचा जून. शनिवारी दोनशे एकेचाळीस. सोमवारी एकशे एकवीस. तिनं पुन्हा वाचलं. एका रविवारात भाव निम्मा झाला होता. गिरणीला आग लागली, संप झाला, असली काही बातमी कुठंच नव्हती. आकड्यापुढे बारीक अक्षरांत फक्त एक शब्द होता : बोनसविना.

"आनंदराव, याचा अर्थ काय?"

त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "कंपनीनं एका शेअरमागं एक शेअर फुकट दिला. म्हणून भाव निम्मा झाला."

"म्हणजे नुकसानच ना?"

"छे. ज्याच्याकडे वीस होते, त्याचे चाळीस झाले. भाव निम्मा, शेअर दुप्पट. नुसता आकडा बघून जुना भाव कळत नाही हो, त्या दिवशी काय घडलं तेही बघावं लागतं."

उत्तरानं वही मिटली. तिचे कान तापले होते. भाव पडलाच नव्हता. तिचे आणखी वीस शेअर कुठेतरी होते, आणि दलालाच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल?

रविवारी ती ठाण्याला, नौपाड्यात त्र्यंबकच्या दारात उभी राहिली. जाऊबाईंनी, सरोजनं, पाणी आणलं. उत्तरानं पेल्याला हात लावला नाही. वही उघडून त्र्यंबकच्या पुढ्यात टाकली.

"वाचा, भावजी. तुमचंच काम आहे हे."

त्र्यंबकनं आकड्यांवरून बोट फिरवलं. सोमवारच्या आकड्यापाशी ते थांबलं.

"बोनसचे वीस शेअर कुठे आहेत?"

"वहिनी, हा विषय इथंच सोडा."

"का सोडू? तुमच्या भावानं ते माझ्यासाठी आणि हेमासाठी ठेवले होते. त्याची राख थंड व्हायच्या आत तुम्ही हात मारलात. वर्षभर मी चार घरची शिवणं शिवतेय आणि तुम्ही इथं स्वस्थ बसलायत."

त्र्यंबकनं वही मिटून तिच्याकडे सरकवली. ती परत आलेली वही तिला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

"उद्या मी पोलिसांत जाते. तिथं तरी तोंड उघडाल."

"जाऊ नका. माझं ऐका."

"तुमचं ऐकूनच ही वेळ आलीय."

सरोज इतका वेळ दाराशी उभी होती. ती नवऱ्याकडे वळली. "दाखवा ना त्यांना. किती दिवस चोर म्हणवून घेणार आहात?"

 त्र्यंबक उठला, कपाट उघडलं आणि एक पिवळट कार्ड घेऊन आला. लगेच हातात दिलं नाही.

"तुमचे शेअर विकताना बोनसची चौकशी मी केली होती. कंपनीनं ते वीस शेअर बावन्नच्या जुलैतच पाठवले होते. तुमच्या नावानं, रजिस्टर टपालानं, कल्याणच्या पत्त्यावर. तीन महिन्यांनी ते बाजारात विकले गेले. ही त्या पाकिटाची पोहोच. कंपनीकडून मागून घेतली."

"खोटं. मला कसलंही पाकीट मिळालेलं नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि त्यानं कार्ड तिच्यापुढं धरलं.

तिनं ते हिसकावूनच घेतलं. पाकीट मिळाल्याबद्दल खाली शाईनं सही होती : उत्तरा वामन पेठे.

ती सही तिनं केलेली नव्हती. अक्षर अप्पांचं होतं.