आबांची सही
ऋतुजा सोलापूरला वकिली करायची. त्या दिवशी टेंभुर्णीला माहेरी आली, तेव्हा थोरला भाऊ वडिलांचा मोबाईल घेऊन बसला होता. “आबा, ओटीपी आलाय. तेवढा टाकला की तुमची सही झाली,” तो म्हणाला. “कशावर सही?” तिनं विचारलं. भावानं पटकन स्क्रीन हातानं झाकली. तिनं संशयानं मोबाईल ओढून घेतला. ‘मृत्युपत्र’ हा शब्द दिसताच ती भडकली. “आबांना फसवतोस, दादा? मृत्युपत्रावर असली ऑनलाईन सही कायद्यानं चालत नाही. कागदावरच करावी लागते, दोन साक्षीदारांसमोर!” “म्होरं वाच की,” आबा म्हणाले. तिनं वाचलं. हायवेलगतची जागा तिच्या नावानं लिहिली होती. “तू नगं म्हणली असतीस, म्हनून मीच त्याला गुपचूप कराय सांगितलं.” ऋतुजाला मान वर करवेना. दादा चपला घालून निघाला. “साक्षीदार बोलावून आणतो. तवर तू आबांसाठी पेन शोध.”