शनिवारचे बटाटे

मोटर पुन्हा बंद पडली आणि दिगंबरने तळ्याच्या मधोमध उभं राहून उल्हासच्या नावाने शंख केला.

बास मासे पकडायची स्पर्धा जोडीने खेळायची होती. बोट उल्हासची, मोटर उल्हासची, आणि सकाळी निघायच्या वेळेला हा फोनवर म्हणतो, "यार, आमच्या रेखाने आज गराज सेल ठेवलाय, घरातलं जुनं सामान विकायचंय. माझी सुटका नाही. तू एकटा जा ना, रूल्समध्ये चालतं."

रूल्समध्ये चालत होतं, दिगंबरला चालत नव्हतं. कारण त्यांचं आधीच ठरलं होतं: चुकून नंबर आलाच, तर फोटोला उल्हास उभा राहील. सगळ्यात मोठा मासा पकडणाऱ्याचा फोटो रविवारच्या पेपरात येतो. आणि रविवारचा पेपर टेक्सासातल्या अर्विंग गावी, घरी शैला कुपनं कापण्यासाठी पानन् पान उलटते. शैलाच्या लेखी आपला नवरा दर शनिवारी ऑफिसात कॉम्प्युटरचा बॅकअप घेत असतो.

लपवण्यासारखं नसतं, तर त्यानेही लपवलं नसतं. शैला वेंगुर्ल्याची, मासे खाऊन वाढलेली. लग्न ठरताना दिगंबरच्या आईने एकच अट घातली: आमच्याकडे मासळी चालणार नाही. शैलाने पुण्यात मासे सोडले ते टेक्सासात आल्यावरही सोडलेलेच राहिले, आणि त्याबद्दल तिने कधी ब्र काढला नाही. आता त्याच सोवळ्या घरचा मुलगा दर शनिवारी मासे हातात घेऊन कुरवाळतो, हे तिला कळलं तर? मी खात नाही, नुसते पकडतो आणि सोडतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिने अबोला धरला तर एक वेळ परवडेल. ती रडली तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

सकाळभर काही लागलं नाही. गळ बुडलेल्या झाडात अडकून तुटला, टोपी उडून पाण्यात गेली. शेवटी वैतागून त्याने डबा उघडला. पोळी, भेंडीची भाजी आणि कापलेली लिंबं.

पुन्हा लिंबं! गेलं वर्षभर ही बाई शनिवारच्या डब्यात लिंबं देत होती. विचारलं की म्हणे, "असू देत, लागतात." कशाला लागतात? इतर दिवशी नाही लागत ती? त्याने फोडी तशाच डब्यात ठेवल्या.

संध्याकाळी घरी काय असणार, तेही ठाऊक होतं. शनिवार म्हणजे नारळाच्या वाटणातले बटाटे. कोकम काय, तिरफळं काय, सगळा थाट, आणि आत बटाटे. बरं, वाटण दुपारपासून तयार, पण बटाटे सोलायला घ्यायची तो घरात आल्यावर. तोवर भुकेने जीव जायचा. कामाला काही पद्धत असते की नाही, असं तो मनात म्हणे. मोठ्याने म्हणण्याइतका तो भोळा नव्हता.

डबा मिटून त्याने उगाच गळ टाकला. काठी एकदम कमानीसारखी वाकली.

मासा बोटीत आला तेव्हा दिगंबरने तो हातात तोलून पाहिला. आठ पौंडांचा तरी असेल. हिरवा, जाडजूड, आणि चेहऱ्यावर भाव असे की दिगंबरच त्याच्या गळाला लागलाय.

"मिस्टर!" शेजारच्या बोटीतला म्हातारा ओरडला. "दॅट्स युअर फर्स्ट प्राइझ! वजनाचा काटा बंद व्हायच्या आत पळ!"

आयुष्यात दिगंबरचा कशातच पहिला नंबर आला नव्हता. शाळेत नाही, ऑफिसात तर नाहीच. त्याने मासा बोटीतल्या टाकीत सोडला आणि मोटर सुरू केली.

अर्ध्या वाटेत मोटर बंद पडली. एरवी पडली असती तर चाललं असतं. आता त्याला विचार करायला वेळ मिळाला. पेपर. कात्री. शैला.

"उल्हास, मेल्या," तो म्हणाला, "त्या गराज सेलमध्ये स्वतःलाच विकून टाक."

मग त्याने मासा दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद पाण्यात सोडला. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. त्याला रडू आलं, खरंच आलं. वाटेत गॅस स्टेशनवर त्याने नेहमीसारखे साबणाने खसाखसा हात धुतले.

शैलाने दार उघडलं. आधी त्याच्या मागे गाडीकडे बघितलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

"झाला बॅकअप?"

"झाला."

तिने डबा घेतला आणि सिंकपाशी नेऊन उघडला. "लिंबं परत आणलीत."

दिवसभराचा संताप दिगंबरच्या तोंडून बाहेर पडला. "शैला, कितीदा सांगू? भेंडीला लिंबू लागत नाही!"

"भेंडीला कोण देतंय?" ती म्हणाली. "हाताला चोळायला देते. साबणाने मासळीचा वास जात नाही. सासूबाईंना नसेल माहीत, मला आहे."

शैलाने वाटणाचं भांडं बाजूला सारलं, टोपलीतला एक बटाटा उचलला आणि ओट्यावर आपटला.

"वर्षभर, अहो, दर शनिवारी वाटण करून ठेवतेय. एवढं मोठं तळं, आणि तुम्हाला एक मासा घरी आणता येत नाही?"