येते हं

श्रेयानं खुर्चीवर तळहात दाबून धरला होता. सुदर्शन बसायला गेला, तरी तिनं तो काढला नाही.

"बसा की सुदर्शनराव, खुर्ची काय चावत नाय," पारसशेठ म्हणाले. मंचरला त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि समितीवर ते सुरुवातीपासून होते.

स्वमग्न मुलांच्या सोयींसाठी नेमलेली ही तालुक्याची सल्लागार समिती, आणि ती खुर्ची पालकांच्या प्रतिनिधीची. दिवाळीपर्यंत तिथं सुदर्शनची बायको बसायची. इंद्रायणी. ती गेली, म्हणून आज त्याला घ्यायचं होतं.

"येते हं, श्रेया," श्रेया म्हणाली.

आवाज इंद्रायणीचा होता. 'हं' जरा ओढलेला, तसाच. त्यांची ही मुलगी सतरा वर्षांची होती, पण स्वतःचं असं काही बोलत नसे. कुणाचं तरी ऐकलेलं त्याच्याच आवाजात बोलायची. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना इंद्रायणी हेच म्हणाली होती. घरातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? पण श्रेयाला शब्दाचा एकच अर्थ कळायचा.

"मी हितंच बरा हाय," सुदर्शन म्हणाला आणि खुर्चीमागं उभा राहिला.

इंगळे साहेबांनी विषय घेतला. समितीचे हे नवे अधिकारी अकोल्याहून बदलून सोमवारीच आले होते. "डिंभ्याचं केंद्र बंद करून मुलांना मंचरला बोलवावं, असा प्रस्ताव आहे. शिक्षिका एकच, तिचा दिवस जाण्यायेण्यातच जातो. पालकांचं काही म्हणणं?"

सकाळी एसटीत श्रेयानं स्वतःचं मनगट चावलं होतं. त्यावर सुदर्शनचा रुमाल अजून बांधलेला होता. डिंभ्याचं केंद्र गेलं, की ती घरातच राहणार. एवढंच सांगायचं होतं. पण असलं बोलणं इंद्रायणी करायची.

"साहेब, आमची पोरं एसटीत टिकत न्हाईत," इंद्रायणीचा आवाज आला. "गर्दीला लई भितात. बाईंनाच तिकडं येऊ द्या."

"बोला ताई, बोला," इंगळे साहेब कागदातून मान वर करत म्हणाले, आणि समोर त्यांना खुर्ची रिकामीच दिसली.

पारसशेठ हसले. "ती ऐकलेलं बोलती, साहेब. टेपच हाय. हे मागल्या बैठकीतलं."

सुदर्शननं मान डोलावली. त्या बैठकीला तो श्रेयाला घेऊन दाराशी बसला होता. शब्द न् शब्द तोच होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग प्रस्ताव..."

"इंगळे साहेब," तोच आवाज म्हणाला. "तुमचा पोरगा बी अजून बोलत न्हाई ना?"

पारसशेठ हसायचे थांबले. मागल्या बैठकीला इंगळे साहेब अकोल्यात होते.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" साहेबांनी सुदर्शनला विचारलं. "इथं मी कुणालाच बोललेलो नाही."

"मला न्हाई म्हायती, साहेब. तुमाला पोरगा हाय हे बी म्हायती नव्हतं."

साहेबांनी खुर्चीकडे बघितलं. तिथं श्रेयाच्या तळहाताशिवाय काही नव्हतं.

"केंद्र डिंभ्यालाच ठेवावं," ते शेवटी म्हणाले. "तशी शिफारस लिहा."

"पालक प्रतिनिधी हजर लिहू का गैरहजर?" कारकुनानं विचारलं.

मग त्यानं तो रकाना कोराच ठेवला.

बैठक उठली. "येतो", "येतो" म्हणत एकेक जण निघून गेला. इंगळे साहेब काहीच न म्हणता गेले.

"येते हं," मागून आवाज आला.

सुदर्शननं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि वळून बघितलं. श्रेया जागची हलली नव्हती. खुर्चीवरचा हात मात्र तिनं काढला होता. सुदर्शनच्या खांद्यावरून पलीकडे, मोकळ्या दाराकडे बघत ती निरोपाचा हात हलवत होती.