जास्तीचा खुराक

डॉक्टरीणबाईंनी मेलेली कोंबडी गोणपाटावर उताणी ठेवली आणि पोटापासून वर कात्री चालवली. पोल्ट्रीवाला शेजारी उकिडवा बसला होता. आत हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी सांडावी तसा पांढरा थर होता.

"खुराकात वरून काही घालता का?"

"मासळीची भुकटी. लवकर अंग धरावं म्हणून." मग हळूच, "जरा सढळ हातानंच."

"तिथंच घोळ झाला. प्रथिनांची पोटात अमिनो आम्लं होतात. लागतात तेवढी शरीर वापरतं. उरलेली साठवून ठेवता येत नाहीत, मोडावी लागतात. कोंबडीच्या शरीरात त्यांचं युरिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. विष्ठेतलं पांढरं दिसतं ना, तेच. मूत्रपिंडं थकली की ते असं आत साचतं."

"म्हणजे ही साथ नाही?"

"छे. हे एकीचं दुसरीला लागत नाही. भुकटी बंद करा, पाणी भरपूर ठेवा. बाकीच्या वाचतील."

साथ नाही म्हटल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा गेल्यावर थोरली बहीण आपल्या चार कोंबड्या घेऊन याच्याकडे राहायला आली होती. शेडमध्ये मर सुरू झाली तसं यानं चारचौघांत तिच्यावर खापर फोडलं होतं. म्हणे, रोग हिनंच आणला. आणि आज ती पिशवी भरून फाटकाशी बसची वाट बघत उभी होती.

तो मान खाली घालून तिच्याजवळ गेला.

"ताई, त्याचं काय झालं, प्रथिनं असतात ना, त्यांची अमिनो आम्लं होतात. उरलेली मोडली की युरिक आम्ल..."

गडी एकदम प्राध्यापकच झाला. मूत्रपिंडं सांगितली, पाणी सांगितलं. भुकटी कुणी घातली तेवढं गाळलं. 'चुकलो' म्हणायला जीभ रेटेना, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

ताईनं पिशवी खाली ठेवून सगळं ऐकलं.

"म्हणजे बाकीच्या वाचतील?"

"वाचतील."

"बरं झालं." बस आली तशी तिनं पिशवी उचलली. "मी गेले म्हणून वाचल्या, असं तेवढं सांगू नकोस रे कुणाला."