रेघेच्या आत

शेजारच्या धनाजीभावजींनी वळसंगच्या घराला चार कॅमेरे बसवले आणि सोलापुरात हापिसात बसून मोबाईलवर अंगण बघायला लागले. बायको रुपाली दारात कुणाशी दोन शब्द बोलली, की लगेच कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून आवाज यायचा, "कोण हाय ती? किती वेळ बोलतीस?" नाइट व्हिजन, झूम, मोशन अलर्ट असले शब्द ते यूट्यूबवर शिकायचे आणि जेवताना घरच्यांना शिकवायचे.

एका रविवारी त्यांनी परसात लिंबाखाली खडूनं मोठी रेघ ओढली आणि आई मायाक्का आणि रुपाली, दोघींना तिथं उभं केलं. "ह्याला ब्लाइंड स्पॉट म्हणत्यात. फांद्या आड येत्यात, म्हणून रेघेच्या आतलं एकाबी कॅमेऱ्याला दिसत न्हाय. चोर आला तर मागनं हितंच येणार. तवा हितं तुमी लक्ष ठेवायचं."

"ठेवतो की," मायाक्का म्हणाल्या.

तेव्हापासून भावजी हापिसात सगळ्यांना मोबाईल दाखवत फिरतात. "बघा, दिवसभर अंगणात चिटपाखरू न्हाय. ह्याला म्हणायचं शिस्त."



खडू कधीच पुसला गेला, पण मायाक्का आता रोज सकाळी ती रेघ रांगोळीनं ओढतात, म्हणजे दुपारी मागच्या बाजूनं चहाला जमलेल्या आम्हा बायकांपैकी कुणाचा पाय चुकून बाहेर पडायला नको.